दारातली बाई

एकशे अठराव्या माणसाने बोलायला सुरुवात करण्याआधी दोनदा घसा खाकरला, आणि तिचा पाय पेडलवरून उचलला गेला. हेडफोनमधला आवाज तुटला. दुपारचे बारा वाजायला आले होते. वरच्या झरोक्यातून रस्त्यावरची पावलं जाताना दिसत होती, टेबलावर मशीनच्या चहावर साय धरली होती, म्हणजे सगळं रोजच्यासारखंच होतं. घसा काय, कुणीही खाकरतं. सहा वर्षांत तिने किती घसे ऐकले असतील. पण ही दोन खाकरणी सारखी नव्हती. पहिलं मोठं आणि दुसरं अर्धवट, पहिल्याबद्दल माफी मागितल्यासारखं. तिने पाय पुन्हा पेडलवर ठेवला. "म्हणजे कसंय," तो माणूस म्हणाला, "मला गोष्ट नीट सांगता येत नाही." तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपल्याला पहिल्या खाकरण्यालाच कळलं होतं. तो तिचा धाकटा भाऊ होता. अकरा वर्षांत त्याचा आवाज तिने ऐकला नव्हता.

तिचं काम तसं साधं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली एक तळघर होतं, त्यात एक खोली सरांच्या संशोधनाला मिळाली होती. सरांनी उभं आयुष्य महाकाव्यं आणि पुराणकथा वाचण्यात घालवलं होतं, आणि आता निवृत्ती तोंडावर आलेली असताना त्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती. कुठल्याही साध्या माणसाला अर्धा तास द्या, त्याला म्हणा, तुझ्या आयुष्याची गोष्ट सांग. त्याने एकही महाकाव्य वाचलेलं नसलं तरी त्याची गोष्ट आपोआप त्याच जुन्या साच्यात जाऊन बसते. आधी हाक येते. मग उंबरठा लागतो, उंबरठ्यावर राखणदार असतो. मग सोबती, मग गुहा, गुहेत राक्षस, राक्षसानंतर वरदान, आणि शेवटी परत येणं. आठ शब्द होते आणि आठ रंगांच्या पेन्सिली होत्या. हाकेला हिरवी, राक्षसाला लाल, राखणदाराला तपकिरी. तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या एक सिस्टर छोटं रेकॉर्डर घेऊन वृद्धाश्रमांत, इस्पितळांत, बेघरांच्या निवाऱ्यांत जायच्या आणि माणसांना बोलतं करायच्या. नाव घ्यायचं नाही, नुसता नंबर, हा नियम होता. मग ती ते ऐकून टाइप करायची आणि पहिल्या फेरीच्या खुणा करायची. पेडल दाबलं की माणूस बोलायचा, सोडलं की गप्प व्हायचा. पहिल्या वर्षी तिला याची गंमत वाटायची. आयुष्यात प्रथमच कुणीतरी तिने सांगितल्यावर थांबत होतं.

त्या दिवशी तिने सहा मिनिटं ऐकलं. तो सांगत होता, की एकोणिसाव्या वर्षी जिना उतरत असताना खालून कुणीतरी त्याला नावाने हाक मारली. तो खाली गेला, कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "हाक आली की जावं लागतं," तो म्हणाला. "न जाऊन चालत नाही. तुम्ही बघा, कुणी हाक मारली आणि तुम्ही गेलाच नाहीत तर दिवसभर कसं होतं." सिस्टर म्हणाल्या, खरंय. तिचा हात सवयीने हिरव्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. तिला तो जिना दिसायला लागला, चौथ्या मजल्यावरचा, कठड्याचा रंग हाताने झिजून गेलेला. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होती. त्याने जिन्यावरून विचारलं होतं, ताई, तू हाक मारलीस का? तिने नाही म्हटलं. त्या महिन्यात त्याने हे सात-आठ वेळा विचारलं असेल, आणि एकदा ती हसून म्हणाली होती, तुला कोण हाक मारतंय, लाइटबिलवाला असेल. तोही हसला होता. पुढे डॉक्टरांनी त्या हाकेला दुसरं नाव दिलं, फायलीवर लिहिलं आणि गोळ्या चालू केल्या. सरांच्या यादीत तोच पहिला रकाना होता, तो भरल्याशिवाय कुणी नायक होऊच शकत नव्हतं. गोष्ट एकच, फक्त कुणाच्या टेबलावर येते त्यावर सगळं. तिने हिरवी रेघ मारली. रेघ सरळ आली याचा तिला राग आला.

संध्याकाळी घरी गेली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई आईपाशी बसल्या होत्या आणि आई धाकट्याचंच सांगत होती. आई एकोणऐंशीची होती, खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चालायची, आणि गेली अकरा वर्षं जिन्यावरच्या सगळ्यांना सांगत आली होती, की तिचा मुलगा जहाजावर आहे. आधी तो नुसता बाहेरगावी होता, मग कधीतरी जहाजावर चढला, मग जहाजं मोठी होत गेली. आईच्या सांगण्यात तो वादळातून वाचायचा, मोठ्या साहेबाची मर्जी संपादन करायचा, आणि परत यायचा बेत दर वेळी अगदी ठरल्यावर काहीतरी निघायचं. ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा विश्वास होता की नव्हता कोण जाणे, पण सगळे ऐकायचे. ती दारात चपला काढताना उभ्या उभ्या ऐकत राहिली आणि तिच्या मनात आलं, सिस्टरनी आईला एकदा बोलतं करायला हवं होतं. आठही रंग लागले असते. आईने तिला पाहिलं आणि बोलणं आवरतं घेतलं. हे नेहमीचंच होतं. धाकट्याविषयी आई तिच्यादेखत जास्त बोलत नसे. आणि कधी बोलली तर एवढंच, की तू जरा मायेने वागली असतीस तर तो गेला नसता. त्यावर उत्तर होतं, पण ते एकदा बाहेर काढलं की पुन्हा आत ठेवता येणार नव्हतं.

नंतरचे तीन दिवस ती रोज थोडं थोडं ऐकत होती, घोटाघोटाने औषध घ्यावं तसं. मध्ये थांबून दुसऱ्या माणसांच्या गोष्टी टाइप करायची, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकशे अठरावर यायची. मधल्या वर्षांबद्दल तो फार बोललाच नाही. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काढलेली सात वर्षं त्याने दोन वाक्यांत संपवली, बाबांचं जाणं एका. बाबांच्या नावाबरोबर तिला सुट्टीच्या दिवसाच्या दुपारी आठवल्या. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे, आठवडाभर अंधाऱ्या खड्ड्यांतून वर खाली करायचे, आणि सुट्टीला पाय स्टुलावर टाकून शूर वीरांच्या गोष्टींची जाड पुस्तकं मोठ्याने वाचायचे. धाकटा तेव्हा सातेक वर्षांचा आणि ती चौदाची. वाचन झालं की जिन्यावर खेळ. तो नायक, यात कधी प्रश्नच आला नाही. बाकीचं सगळं तिने व्हायचं. ती घोडा व्हायची, नदी व्हायची, शाप देणारी म्हातारी व्हायची. आणि बहुतेक वेळा तो म्हणायचा, ताई, तू दार हो. मग ती जिन्याच्या वळणावर हात पसरून उभी राहायची, त्याला तीन कोडी घालायची, आणि तिसरं उत्तर चुकलं तरी हात खाली करायची, कारण तोवर तिला अभ्यास आठवलेला असायचा. राक्षस होणं तिला आवडायचं, त्यात ओरडायला तरी मिळायचं. दार होण्यात काहीच नव्हतं, नुसतं हात भरून यायचे.

राक्षस तेविसाव्या मिनिटाला आला. तो म्हणाला, म्हणजे कसंय, मला आधीपासून माहीत होतं की ती राक्षसीण येणार. ती कुणाचंही रूप घेते. त्या दिवशी तिने आईचं रूप घेतलं होतं. "जिन्याच्या तोंडाशी उभी होती. आईचंच पातळ, आईचाच चष्मा. मला म्हणाली, गोळी घे. आईच्या आवाजात म्हणाली. मी तिला ढकललं. ती खाली गेली, सात पायऱ्या, आणि पडता पडता तिचं रूप गेलं, आणि खाली बघतो तर आई पडलेली होती." इथे सिस्टरच्या खुर्चीचा आवाज आला. मग तो म्हणाला, "राक्षसाचं असं असतं, मेल्यावर तो दुसराच कुणीतरी निघतो." त्या दिवशी ती कामावर होती. शेजाऱ्यांचा फोन आला, ती रिक्षाने पोचली तेव्हा आईला स्ट्रेचरवर घेतलं होतं आणि आई जिन्यावरच्या प्रत्येकाला सांगत होती, माझाच पाय घसरला, माझाच पाय घसरला. धाकटा निघून गेला होता. त्याच्या पलंगावर गोळ्यांची पट्टी होती, एकही गोळी काढलेली नव्हती. तिने लाल पेन्सिल घेतली आणि टोक करत बसली, करत बसली, पेन्सिल निम्मी झाली तरी टोक मनासारखं येईना.

दाराचं यायचंच होतं. चौथ्या दिवशी ती लवकर आली, खोलीत कुणी नव्हतं, आणि तिने कोटही न काढता पेडल दाबलं. तो सांगत होता, की मग मी पुष्कळ हिंडलो, कुठे कुठे ते आठवत नाही, पण एक दिवस डोकं एकदम निवळलं, धुतल्यासारखं. वाटलं, आता घरी जावं. दुपारी चारचा सुमार होता. "दाराला साखळी लावलेली होती. साखळीच्या फटीत एक डोळा दिसला. दारात एक बाई होती." तो ताई म्हणाला नाही. तिने तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. एक बाई. "मी म्हटलं, आई आहे का. ती म्हणाली, आई झोपलीय, तू जा. मी म्हटलं, पाणी तरी द्या. तिने पाणी आणलं, पण पेला फटीतून येईना. तिने तो तिरका केला, तर पाणी सांडलं. मग मी ओले हात तोंडावरून फिरवले आणि गेलो. झालं. एवढीच गोष्ट."

झालं खरं तसंच होतं. त्याने एक शब्दही वाढवला नव्हता. फक्त तो द्या म्हणाला नव्हता, ताई, पाणी तरी दे, असं म्हणाला होता. त्याच्या एका पायात रबरी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात कुणाचा तरी बूट. आई इस्पितळातून येऊन सहा दिवस झाले होते, आतल्या खोलीत पडून होती, आणि ती स्वतः सहा दिवसांत धड झोपली नव्हती. साखळी तिने दोन दिवसांपूर्वीच बसवून घेतली होती. तिला तो घाबरवून गेला असता, काही वेडंवाकडं बोलला असता, तर पुढची वर्षं सोपी गेली असती. पण तो अगदी शहाण्यासारखा उभा होता. आणि त्याच्या त्या शहाणेपणाची तिला भीती वाटली, कारण तो किती दिवस टिकतो हे चौदा वर्षांत तिला पाठ झालं होतं. साखळी काढायला एक क्षण लागला असता. तो पाणी पीत असताना ती ठरवणार होती, काढायची की नाही. पण पेला फटीतून जाईना, पाणी सांडलं, तो बरं म्हणाला आणि वळला. म्हणजे तिचं ठरायच्या आधीच ते घडून गेलं. आईला तिने काही सांगितलं नाही. आधी आईचं हाड जुळू दे म्हणून, मग आईचं मन ताळ्यावर येऊ दे म्हणून, आणि मग आईने जहाजाची गोष्ट सुरू केली होती.

तिने बाकीच्या खुणा केल्या आणि 'एक बाई' या शब्दांखाली तपकिरी रेघ मारून कागद सरांच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला आणि सिस्टरना बोलावलं. सर मनाने चांगले होते. त्यांच्या गळ्यात दोन चष्मे दोऱ्याने लटकत असायचे आणि तिसरा ते शोधत असायचे. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळलेला होता. सहा वर्षांत इतकी शुद्ध गोष्ट मिळाली नव्हती, असं ते म्हणाले. हाक बघा, रूप पालटणारा राक्षस बघा, आणि हा राखणदार, हा तर अप्रतिम. जुन्या गाथांतसुद्धा असा सापडत नाही. एकच डोळा, साखळी, आणि नायकाला पाणी नाकारणं. पाणी म्हणजे जीवन, ते समोर आहे, दिसतंय, पण पोचत नाही. सिस्टर मान हलवत होत्या. ती खुर्चीच्या कडेवर बसून होती. आपण काही बोलणार आहोत हे तिला स्वतःलाच बोलल्यावर कळलं.

"सर, पेला रुंद होता," ती म्हणाली.

सर थांबले. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काही घरांत दोन तऱ्हेचे पेले असतात. निमुळता पेला फटीतून आला असता. तो कदाचित खरकटा असेल, मोरीत पडला असेल, म्हणून तिने रुंद घेतला असेल. तिने पाणी नाकारलं नाही.

सर हसले, पण वाईट नाही हसले. चष्मा बदलून तिच्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही त्या बाईला खरी समजताय. राखणदार बाहेर कुणी नसतोच. ती त्या माणसाची स्वतःचीच भीती आहे. तो दारापर्यंत आला आणि त्याला आत जाववलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे बाई नव्हतीच."

तिला क्षणभर इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. तिथे बाई नव्हतीच. सरांनी ते किती सहज म्हटलं होतं. शिकलेला माणूस, चाळीस वर्षं हेच वाचत आलेला, सांगत होता की त्या दुपारी त्या दारात कुणी नव्हतं, साखळी कुणी बसवली नव्हती, पेला कुणी तिरका केला नव्हता. तिला ते घेऊन घरी जावंसं वाटलं. मग तिने आपले हात बघितले. ते मांडीवर होते आणि खरे होते. ती बरं म्हणाली, कागद गोळा केले आणि बाहेर आली. सिस्टर मागोमाग आल्या. जिन्यापाशी तिने त्यांना विचारलं, एकशे अठरा कुठला. सिस्टरनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, नियम सांगितला, मग नियम बाजूला ठेवून पत्ता सांगितला. कोण लागतो, हे त्यांनी विचारलं नाही. तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला ते विचारावं लागत नाही.

बस शेवटच्या थांब्यापर्यंत जात होती आणि तिथून पुढे पंधरा मिनिटं चालायचं होतं. जुन्या गोदामात बेघरांसाठीचा एक आश्रम होता, उंच छत, भिंतींना कंबरेपर्यंत हिरवा तेलरंग. फाटकापाशी वही होती. त्यात नाव, वेळ आणि नातं लिहायचं. नात्याच्या रकान्यात तिने 'कामानिमित्त' असं लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही, आणि ते तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. मोठ्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं लांब टेबलांशी बसून औषधांचे खोके घडी घालून तयार करत होती. तिने त्याला पाठीवरून ओळखलं. तो जाड झाला होता, मान खांद्यात गेली होती, केस बारीक कापलेले आणि पांढरे. हात थरथरत होते, पण खोका हातात आला की थरथर थांबायची. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने वर पाहिलं. डोळे तेच होते, फक्त त्यांच्यावर काहीतरी ओढून घेतल्यासारखे.

"ताई, बसा ना," तो म्हणाला.

ताई कुणीही कुणालाही म्हणतं. भाजीवाला म्हणतो, कंडक्टर म्हणतो. पण बसा. आयुष्यात तो तिला कधी बसा म्हणाला नव्हता. ती बसली. तिला म्हणता आलं असतं, अरे, मी. दोन शब्द. त्याऐवजी तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, की तुमची गोष्ट मी टाइप केली, सिस्टरनी रेकॉर्ड केलेली. आपण तुमची म्हणालो, हे म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि मग त्यावर काही इलाज राहिला नाही. तो खूश झाला. बरी झालीय का, त्याने विचारलं. ती म्हणाली, छान झालीय, सरांना फार आवडली. तो मान हलवत खोका दुमडत राहिला. मग तिने विचारलं, पुढे काय झालं ते सांगितलं नाहीत. तो म्हणाला, पुढे काही नाही, पुढे इथेच. जेवण बरं असतं. हाका आता येत नाहीत, आल्या तरी लांबून येतात, आपल्याला नसतात.

"ती दारातली बाई," ती म्हणाली, "कोण होती ती?"

त्याने खोका खाली ठेवला. हात थरथरायला लागले, ते त्याने मांडीखाली घेतले. तो टेबलाकडे बघत होता, आणि तिला वाटलं, आता. आता तो वर बघेल, आणि जे काय व्हायचं ते एकदाचं होईल. तो म्हणाला, "दमलेली होती. एवढं आठवतं." आणि त्याने एक सपाट पुठ्ठा तिच्याकडे सरकवला. आधी ही बाजू, मग ही, मग जीभ आत. तिचा पहिला खोका वाकडा झाला, तो त्याने उलगडून तिला परत दिला. तिने अर्धा तास खोके केले. खोक्यांची रास वाढत गेली, आणि तो अर्धा तास संपूच नये असं तिला वाटत होतं. त्याच वेळी ती घड्याळाकडेही बघत होती, कारण परतीची बस तासाला एक होती. उठताना तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो म्हणाला, "जपून जा हं." बस आणि बसा यांत फरक आहे, ये आणि या यांत आहे. जा हा शब्द मात्र परक्यालाही तसाच म्हणतात आणि आपल्या माणसालाही. सबंध रस्ताभर ती त्या एका शब्दाला कान लावून होती. त्यातून काही निघालं नाही.

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. दिवे लावायची वेळ झाली होती, पण लावले नव्हते. आईने उशीर का झाला विचारलं, आणि ती समोर बसून सांगायला लागली. हेच सांगायचं असं तिने बसमध्ये काही ठरवलं नव्हतं. तो सापडला, कुठे आहे, कसा आहे, हे सांगितलं, आणि त्याच ओघात मागचंही सांगून टाकलं, की अकरा वर्षांपूर्वी, तू इस्पितळातून आल्यावर सहाव्या दिवशी, तो आला होता. मी साखळी काढली नाही. तू झोपलीयस असं त्याला सांगितलं. आईचे हात चालूच होते. शेंग उलायची, दाणे भांड्यात पडायचे. ती आईच्या रडण्याची वाट बघत होती, शिव्यांची वाट बघत होती. इतकी वर्षं ती त्यांचीच तर वाट बघत होती.

"मी जागी होते," आई म्हणाली.

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. आई म्हणाली, त्याचा आवाज मी ओळखला. जिन्यावरची त्याची पावलंसुद्धा ओळखली. "मी श्वास धरून पडले होते. वाटत होतं, ही आता उघडते की काय. तू दार लावलंस, आणि माझ्या जिवात जीव आला. पोटच्या पोराची भीती वाटली मला. हे कुणाला सांगायचं?" तिने विचारलं, मग इतकी वर्षं मला का बोलत होतीस, मी मायेने वागले असते तर म्हणून. आई म्हणाली, कुणाला तरी बोलायला हवं होतं. हे आईने क्षमा मागितल्यासारखं म्हटलं नाही. जे खरं होतं ते सांगितल्यासारखं म्हटलं. मग विचारलं, जाड झालाय का? ती म्हणाली, हो. गोळ्यांनी होतं तसं, आई म्हणाली. दात आहेत का सगळे? तिने ते बघितलं नव्हतं. आईने रिकाम्या शेंगा गोळा केल्या, मांडी झटकली, आणि वॉकरकडे हात नेता नेता म्हणाली, "मला तिकडे नेऊ नकोस. आणि मी आहे हे त्याला सांगू नकोस." ती हो म्हणाली. तिला आईचा राग येईल असं वाटलं होतं, पण राग कुठून आणायचा हेच कळेना. अकरा वर्षं ज्या दाराशी ती एकटी उभी आहे असं समजत होती, त्याच्या आत आई तशीच उभी होती, आणि हे कळून काही हलकं झालं नाही. उलट ज्याच्यापुढे ते ओझं उतरवावं असं आता कुणी उरलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार ती बसच्या थांब्यापर्यंत गेली. एकदा बस आली, तिच्यासमोर थांबली, माणसं चढली, आणि ती मागे सरली. सरांनी आपल्या निबंधात एकशे अठराला पूर्ण चार पानं दिली. ती तिनेच टाइप केली, एकही चूक न करता. मग एका सोमवारी सिस्टर नवीन रेकॉर्डिंग घेऊन आल्या, आणि छत्री मिटता मिटता म्हणाल्या, की गोदामाची ती जागा कुणीतरी विकत घेतली, तिथल्या माणसांना चार ठिकाणी वाटून टाकलंय. "तुमच्या एकशे अठराला कुठे नेलं ते मी विचारून ठेवलंय," सिस्टर म्हणाल्या. "लांब आहे जरा. देऊ लिहून?"

ती म्हणाली, नको. सिस्टरनी पुन्हा विचारलं नाही. त्या गेल्यावर तिने हेडफोन लावला आणि पेडल दाबलं. एकशे एकतीस नंबरची कुणी म्हातारी होती. ती म्हणत होती, माझं काय, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. आणि मग, बहुतेक सगळी माणसं करतात तसंच, तिने अगदी लहानपणापासून सुरुवात केली.